माइकमध्ये घरघर आणि अडखळणारे ट्रॅक: हार्ड डिस्क कुठली घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्याच एका खोलीत आवाज आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करता, कॉन्डेन्सर माइक आहे, टॉवर कॉम्प्युटर टेबलाखाली आणि त्यात ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) एकच हार्ड डिस्क. शांत जागांमध्ये मागे बारीक घरघर ऐकू येते. शिवाय प्रोजेक्ट वीस-पंचवीस ट्रॅकच्या पुढे गेला आणि त्यात सॅम्पलवाला पियानो, स्ट्रिंग्ज वगैरे आले की प्लेबॅक अडखळतो. म्हणून विचारलंय की शांत हवी म्हणून ५४०० ची घेऊ, की फास्ट हवी म्हणून कुठूनतरी १०,००० ची शोधू, की दोन्ही जमवणारी एखादी आहे.

मी बरीच वर्षं हेच करतोय, छोट्या खोलीत लोकांचे आवाज रेकॉर्ड करणं आणि इतरांचे कॉम्प्युटर या कामासाठी लावून देणं, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता ऐकल्यावर पहिली शंका हीच येते की तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही पकडलाय एकच आरोपी. घरघर डिस्कची असेलही, पण फॅनची असायची शक्यता जास्त. अडखळणं डिस्कमुळे असेलही, पण प्रोसेसर किंवा बफर (आवाज वाजण्याआधी जमा होतो तो छोटा साठा) यांमुळेही अगदी असंच होतं. त्यामुळे आधी तपासा, मग खरेदी. उत्तर लांब होणार आहे, चहा-पाणी घेऊन बसा.

आधी आवाजाचं बघू. एखादा लॅपटॉप मिळाला तर तो बॅटरीवर चालवा, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) त्याला जोडा, माइक नेहमीच्याच जागी, गेन नेहमीएवढाच, आणि कोणी न बोलता तीस-तीस सेकंदांचे चार तुकडे रेकॉर्ड करा. पहिला टॉवर पूर्ण बंद असताना. दुसरा टॉवर चालू पण काही काम न करता. तिसरा टॉवरवर एखादं मोठं फोल्डर कॉपी होत असताना. चौथा जरा खटपटीचा आहे पण सगळ्यात महत्त्वाचा: टॉवर बंद करून प्लग काढा, कॅबिनेट उघडून डिस्कची पॉवरची वायर काढा, परत चालू करा आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या, स्क्रीनवरच थांबा. आता फॅन फिरतायत आणि डिस्क मेलेली आहे. बायोसमध्ये फॅन कधीकधी नेहमीपेक्षा जोरात फिरतात तेवढं लक्षात ठेवा, पण अंदाज येतो. दुसऱ्या आणि चौथ्यात कानाला फरकच कळत नसेल तर डिस्क निर्दोष आहे, पैसे चांगल्या फॅनवर घाला, मोठ्या व्यासाचा आणि हळू फिरणारा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट इथेच संपते.

हे चारही तुकडे ऐकताना नुसतं हेडफोन लावून भागत नाही, कारण कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर दबलेलीच असते आणि मिक्समध्ये कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा इफेक्ट) लावून आवाज वर ओढला की ती आठ-दहा डेसिबलने वर येते, तेव्हा माणूस हैराण होतो की काल तर हे नव्हतं. म्हणून तुकड्यांवर एक फुकटवाला (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा) स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लावा. त्यात एफएफटीचा साइज (किती बारीक खणांत बघायचं ते सेटिंग) १६३८४ किंवा त्याच्या वर ठेवा. बऱ्याच अ‍ॅनलायझरमध्ये आधीपासून २०४८ असतो आणि ४८ किलोहर्ट्झला त्यात प्रत्येक खण साधारण २३ हर्ट्झ रुंद पडतो, मग १०० आणि १२० एकमेकांत मिसळून जातात आणि आपल्याला नेमकं तेच वेगळं बघायचंय.

का ते सांगतो. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला बरोबर १२०. डिस्कच्या तबकड्यांचा तोल कितीही चांगला असला तरी थोडा थरथराट राहतोच आणि तो १२० हर्ट्झला बसतो. ५४०० वाली ९० हर्ट्झला. विजेचा हम मात्र ५० हर्ट्झच्या सप्लायवर ५०, १००, १५० असा येतो. म्हणजे रेघ १२० वर दिसली तर डिस्क, १०० वर दिसली तर केबल किंवा अर्थिंग. जिथे सप्लाय ६० हर्ट्झचा आहे तिथे गंमत अशी की विजेचा दुसरा हार्मोनिकही (दुप्पट हर्ट्झचा) १२० लाच येतो, तिथे ही युक्ती फसते आणि डिस्कची वायर काढून बघण्याशिवाय इलाज नाही.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. एकदा एका गायिकेच्या टेकमध्ये खाली एक वूंऽऽ येत होतं, पण सरळ नाही, चार-पाच सेकंदांनी फुगायचं आणि परत विरायचं, जणू कोणी व्हॉल्यूम हळूहळू वरखाली करतंय. मी दोन दिवस केबल बदलत बसलो, माइक बदलला, इंटरफेसचा अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या सॉकेटला लावला, खोलीतले दिवे बंद करून बघितले. शेवटी वैतागून कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर सहज हात टेकवला आणि हेडफोनमध्ये वूं एकदम अर्धं झालं. आत ७२०० च्या दोन डिस्क होत्या. दोन्ही १२० ला फिरतात म्हणायला, पण एक किंचित मागे एक किंचित पुढे, त्या फरकामुळे दोघींचा थरथराट कधी एकमेकांत मिळायचा कधी एकमेकांना खायचा. आणि तो माइकपर्यंत हवेतून जातच नव्हता. कॅबिनेट टेबलाच्या पायाला चिकटून होतं आणि माइकच्या स्टँडचा एक पाय त्याच टेबलाच्या आडव्या दांडीला टेकलेला. कॅबिनेट चार बोटं सरकवलं, खाली जाड फोम घातला, स्टँड मोकळा केला, बास. रुपयाचा खर्च नाही. दोन दिवस मात्र गेले ते गेलेच.

म्हणून मी आवाजाच्या बाबतीत डिस्कच्या आधी तीन गोष्टी विचारतो. कॅबिनेट कशाला टेकलंय, माइकची पाठ कुठे आहे आणि दोघांत अंतर किती. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते, तर ती कॉम्प्युटरकडे हवी. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात, छोट्या खोलीत भिंतींमुळे तेवढे होत नाहीत पण होतात. फक्त स्टँडमधून चढणाऱ्या थरथराटाला या दोन्ही गोष्टी लागू पडत नाहीत, त्याला शॉकमाउंट (माइक रबरावर झुलवणारा धारक) आणि जमिनीपासून तोडणं हेच. आणि माइकवरचा ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) १२० ला जवळजवळ हातही लावत नाही. तो १२० च्या वर नेला तर पुरुषी आवाजाचा पायाच त्या पट्ट्यात असतो, घरघर जाईल आणि गायकही पातळ होईल.

डिस्कचा दुसरा आवाज म्हणजे कुरकुर, हेड इकडून तिकडे उड्या मारतं तेव्हा येते ती. ती जास्त त्रासदायक कारण ती सलग नसते. सलग घरघर नॉइज रिडक्शनने बरीच काढता येते, कुरकुर शब्दांच्या मध्येमध्ये खडे टाकल्यासारखी येते. तिसऱ्या तुकड्यात हीच ऐकायची आहे.

आता वेग. इथे थोडं गणित, पण एकदाच करून टाकू म्हणजे कायमचं डोक्यात बसेल. २४ बिट म्हणजे ३ बाइट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणून एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट खातो. चोवीस ट्रॅक एकदम वाजवले तरी साडेतीन एमबी. ९६ किलोहर्ट्झला गेलात तर सात. आणि आजची साधी ७२०० ची डिस्क सलग वाचताना १५० एमबीच्या पुढे देते, भरत आली की आतल्या वर्तुळांवर जवळपास निम्म्यावर येते, तरीही गरजेच्या वीसपट. मग ती अडखळते का?

कारण वाचन सलग नसतं. चोवीस ट्रॅक म्हणजे चोवीस फायली, डिस्कवर चोवीस वेगवेगळ्या जागी, आणि हेड एकच. ७२०० च्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जायला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद, तिथे गेल्यावर हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत सरासरी आणखी चार, म्हणजे प्रत्येक उडीला साधारण तेरा मिलिसेकंद. सेकंदाला पंचाहत्तर उड्या झाल्या की खेळ खल्लास, मग प्रत्येक उडीला तुम्ही किती वाचता ते नंतर. आता समजा तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकचा एकेक सेकंदाचा तुकडा वाचतंय, तर चोवीस उड्या, सेकंदाचा एक तृतीयांश गेला, काही हरकत नाही. अर्ध्या सेकंदाचे तुकडे वाचत असेल तर अठ्ठेचाळीस उड्या, सेकंदातला साठ टक्क्यांहून जास्त वेळ नुसता ये-जा करण्यात. त्यात तुम्ही एक ओळ पाच टेकमधून जोडून केली असेल तर प्रत्येक क्रॉसफेडला (दोन टेक एकमेकांत मिसळतात त्या जोडाला) दोन-दोन तुकडे एकाच वेळी लागतात. आणि एकच डिस्क असल्यामुळे विंडोज किंवा जे काही असेल तेही त्याच हेडकडे आपली कामं मागत असतं.

एवढं सगळं असूनही नुसत्या रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर साधी डिस्क निभावते. एकेकाळी आम्ही सगळे याच डिस्कवर चाळीस-चाळीस ट्रॅक वाजवायचो. खरा घात करतात ती सॅम्पलची वाद्यं. मोठ्या सॅम्पल पियानोत प्रत्येक स्वराची, प्रत्येक जोराची वेगळी रेकॉर्डिंग असते, मेमरीत फक्त त्यांची सुरुवात ठेवलेली असते आणि उरलेलं तुम्ही पट्टी दाबल्यावर डिस्कवरून ओढलं जातं. पेडल दाबून दोन कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) वाजवले आणि लायब्ररीत तीन माइक पोझिशन चालू असल्या तर तिथेच तीस-चाळीस आवाज जिवंत होतात, प्रत्येक वेगळ्या जागी. त्यावर स्ट्रिंग्ज. पंचाहत्तर उड्यांचं बजेट कुठल्याकुठे उडालं. तुम्ही लिहिलंय की अडखळणं पियानो आणि स्ट्रिंग्ज आल्यावर सुरू होतं, म्हणून तुमच्या बाबतीत डिस्कवर संशय घ्यायला मी तयार आहे.

तरी खात्री करा. प्लेबॅक अडखळतो तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मीटर बघा, रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटरमध्ये डिस्कचं वेगळं दिसतं, क्यूबेस आणि लॉजिकमध्येही डिस्कचा काटा वेगळा असतो. प्रोसेसरचा काटा वर जातोय आणि डिस्कचा गपगार आहे तर नवी डिस्क घेऊन काहीही होणार नाही, बफर वाढवा किंवा ट्रॅक फ्रीझ करा (तात्पुरता ऑडिओ बनवून ठेवा). आणखी एक साधी चाचणी: तो पियानो आणि स्ट्रिंग्ज ऑडिओत रेंडर करा, वाद्यं बंद करा आणि परत वाजवा. अडखळणं गेलं तर सॅम्पल वाचणं किंवा प्रोसेसर यांपैकी एक आहे, आणि कुठला ते मीटरने आधीच सांगितलंय.

आता १०,००० आरपीएमचं. वेस्टर्न डिजिटलची रॅप्टर २००३ मध्ये आली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना तिची स्वप्नं पडायची. पण हिशेब बघा, १०,००० ला फिरण्याची वाट सरासरी तीन मिलिसेकंद आणि हेड पोचायला साडेचार-पाच, म्हणजे तेरा मिलिसेकंदांचे आठ होतात. दुप्पटही वेग नाही, आणि आवाज आणि गर्मी भरपूर. एसएसडीमध्ये (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) हेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतं. घरगुती कॉम्प्युटरसाठी आता त्या डिस्क बनवतही नाहीत, जुनी वापरलेली कोणी देत असेल तरी घेऊ नका.

तर ‘शांत आणि फास्ट’ हा फिरत्या डिस्कच्या जमान्यातला झगडा होता. तेव्हा खरंच एक मिळवायला दुसरं सोडावं लागायचं. २००१ च्या सुमाराला बॉल बेअरिंगऐवजी द्रवावर तरंगणारी बेअरिंग आली, सीगेटची बाराकुडा ४ त्यासाठी शांत म्हणून गाजली होती, आणि काही डिस्कमध्ये तर अकूस्टिक मॅनेजमेंट म्हणून सेटिंग असायचं, १२८ म्हणजे हळू पण शांत, २५४ म्हणजे धडाधडा. जुन्या सल्ल्यांमध्ये अजून ते आकडे सापडतात, आता नव्या डिस्कमध्ये ते सेटिंग मिळत नाही, शोधत बसू नका. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, त्यामुळे हा झगडाच मिटला. तुमच्या वर्णनावरून माझं उत्तर हे की खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये फक्त एसएसडी ठेवा, आणि फिरती डिस्क ठेवायचीच तर ती साठवणीसाठी, काम चालू असताना बंद किंवा दुसऱ्या खोलीत.

कुठली एसएसडी हे तुमच्या मदरबोर्डवर अवलंबून आहे. साटा (जुन्या डिस्कसारखी केबलने जोडायची) एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई (थेट बोर्डच्या खाचेत बसणारी) तीन हजार, सात हजार वगैरे, आणि डब्यावर तेच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. आपल्याला लागतात साडेतीन. म्हणजे बोर्ड जुना असेल, एनव्हीएमईचा खाचा नसेल तर साटा घ्या आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका, ऑडिओ ट्रॅकच्या कामात फरक जाणवत नाही. मोठ्या लायब्ररीचा प्रोजेक्ट उघडायला एनव्हीएमईवर कमी वेळ लागतो एवढं खरं. खाचा असेल तर एनव्हीएमईच घ्या, पण सगळ्यात वरचा मॉडेल नको. तो जास्त तापतो, आणि माझी खरी भीती पुढे आहे, त्याच्यासाठी बोर्डवर किंवा बाहेरच्या डब्यात इवलासा फॅन बसवलेला असतो. इतका छोटा फॅन चिलटासारखा ओरडतो आणि तो आवाज नेमका कान जिथे तिखट असतो तिथे. शांत व्हायला एसएसडी घेतली आणि चिलट पाळलं असं व्हायला नको. नुसत्या पत्र्याचा हीटसिंक पुरतो.

क्यूएलसी नावाच्या स्वस्त एसएसडीबद्दल लोक घाबरवतात की कॅशे (आतली छोटी वेगवान जागा) भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो. कोसळतो, खरं आहे, शे-दीडशेवर किंवा त्याच्याही खाली येतो. पण सोळा ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी आपण लिहितो सेकंदाला सव्वादोन एमबी. रेकॉर्डिंगला काही होत नाही, फक्त मोठी लायब्ररी कॉपी करताना अर्ध्यातून पुढे ती रांगायला लागेल. पैसे जमत असतील तर टीएलसी (तिच्याहून जरा महाग प्रकार) घ्या, नसतील तर क्यूएलसीने गाणं अडणार नाही.

झिजण्याचीही भीती असते, तीही एकदा मोजून टाकू. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीवर बऱ्याचदा ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज चार तास सोळा ट्रॅक रेकॉर्ड केले तर होतात तेहतीस जीबी. भागाकार केला तर अठरा हजार दिवस, म्हणजे एकोणपन्नास वर्षं. मी रोज चार तास रेकॉर्ड करत नाही, तुम्हीही करत नसणार.

एसएसडीचा खरा कमकुवतपणा वेगळा आहे. ती वीज न देता कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्याची वस्तू नाही. जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे की ती हमीइतकी पूर्ण वापरून झाल्यावर, वीज न देता ३० अंश सेल्सिअसला ठेवली तर एक वर्ष डेटा टिकवेल. नवी असेल तर खूप जास्त टिकते, पण जुनी झालेली एसएसडी ‘मास्टर’ असं लिहून ड्रॉवरमध्ये टाकायची सवय लावू नका. शिवाय तिच्यावरून चुकून काही डिलीट झालं की ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते त्यामुळे) ते परत मिळणं फार अवघड, फिरत्या डिस्कवर निदान आशा असायची.

म्हणून फिरती डिस्क अजून हवीच, साठवणीला. इथे मात्र तुमचा ५४०० चा विचार बरोबर. मोठ्या क्षमतेच्या, खूप तबकड्यांच्या, सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क कधीकधी तेवढ्याच किमतीला मिळतात आणि मोह होतो, पण त्यांची कुरकुर म्हणजे शेजारी कोणी अक्रोड फोडतंय असं वाटतं. आणि विकत घेताना ती एसएमआर आहे की साधी सीएमआर हे बघा. एसएमआरमध्ये डेटा लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात, आणि भरपूर लिखाण झालं की ती मान टाकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर आहेत हे खरेदीदारांना नंतर कळलं आणि बराच गदारोळ झाला, तेव्हापासून कंपन्या हे आपल्या साइटवर लिहू लागल्या. नुसतं एकदा कॉपी करून ठेवायला एसएमआर चालते. तिच्यावर थेट रेकॉर्ड करू नका.

बाहेरून यूएसबीने एसएसडी जोडायची असेल, लॅपटॉपवाल्यांना तेच सोयीचं, तर एक गंमत सांगतो. एकजण माझ्याकडे नवीकोरी एसएसडी घेऊन आला, म्हणे खोटी विकली मला, जुन्या डिस्कपेक्षाही हळू आहे. मोजली तर बरोबर चाळीस एमबी सेकंदाला. तो आकडा बघितला की मला लगेच वास येतो, यूएसबी २ चा वेग प्रत्यक्षात एवढाच मिळतो. त्याने फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली होती. दोन्हीकडून टोकं सारखी, आत तारा कमी. डब्यात आलेली केबल लावली आणि तीच एसएसडी दहापट पळाली. तर केबल डब्यातलीच वापरा आणि एसएसडी ज्या हबवर आहे त्याच हबवर ऑडिओ इंटरफेस लावू नका, इंटरफेसला कॉम्प्युटरचा स्वतःचा पोर्ट द्या.

फॉरमॅटबद्दलही, बाहेरच्या बऱ्याच डिस्क एक्सफॅटमध्ये येतात, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते म्हणून सोयीची, पण रेकॉर्डिंग चालू असताना केबल हलली तर एक्सफॅटवर फायली बिघडण्याचा धोका जास्त कारण तिला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही. एकाच कॉम्प्युटरवर काम असेल तर विंडोजला एनटीएफएस, मॅकला एपीएफएस करून घ्या. फक्त मॅकवर फिरत्या डिस्कला एपीएफएस मानवत नाही, तिला जुनंच फॉरमॅट बरं.

काही सेटिंग्ज आहेत त्या डिस्क नवी असो जुनी असो आजच करा. पॉवर प्लॅनमध्ये डिस्क झोपवण्याची वेळ ‘कधीच नाही’ करा. विंडोजमध्ये ती बहुतेक वेळा वीस मिनिटांवर असते, गायक पाणी प्यायला जातो, डिस्क झोपते, आल्यावर रेकॉर्ड दाबलं की ती फिरायला लागेपर्यंत पाच-सात सेकंद सगळं गोठतं आणि नेमका तोच टेक चांगला असतो. अँटिव्हायरसला प्रोजेक्टचं आणि सॅम्पलचं फोल्डर वगळायला सांगा. आणि प्रोजेक्ट क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यातच रेकॉर्ड करू नका, फाइल वाढतेय आणि मागून सिंकवाला तिला ओढतोय अशी रस्सीखेच होते. काम झालं की तिकडे कॉपी करा, ते वेगळं. डिस्कवर दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

ऑडिओसाठी वेगळी डिस्क हवी का असंही सगळे विचारतात. फिरत्या डिस्कवर हवीच होती, कारण वर सांगितलं ते एकच हेड. एसएसडीवर वेगासाठी गरज उरलेली नाही. तरी मी सिस्टम एकीकडे आणि प्रोजेक्ट-सॅम्पल दुसरीकडे ठेवतो, कारण विंडोज परत टाकायची वेळ आली तर मला गाणी हलवावी लागत नाहीत. एकच एसएसडी परवडत असेल तर एकच घ्या, पण निदान १ टीबी. सॅम्पल लायब्ररी लोकांच्या अंदाजापेक्षा पटकन फुगतात, आणि रेकॉर्डिंग तासाला एका मोनो ट्रॅकमागे अर्धा जीबी.

तुमची आत्ताची ७२०० ची फेकू नका. सिस्टम आणि प्रोजेक्ट नव्या एसएसडीवर आणा, जुनी डिस्क यूएसबीच्या डब्यात घाला आणि रोज काम संपल्यावर लावून बॅकअप घ्या, घेऊन झाला की काढून ठेवा. आणि आणखी एक प्रत घराबाहेर कुठेतरी, क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. बॅकअपला फास्ट असण्याची गरज नाही आणि खोलीत कोणी गात नसताना ती कितीही घरघरली तरी चालतंय.

समजा नवीन काही घ्यायचंच नाहीये आणि आहे त्या डिस्कवर निभवायचंय, तर ती कॅबिनेटला स्क्रूने घट्ट न आवळता रबरी वॉशर घालून बसवा. काही लोक इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर झोळीसारखी टांगतात, थरथराट खरंच जातो, मी केलंय. पण समोर हवा खेळती पाहिजे, आणि टॉवर हलवायच्या आधी ती काढायची आठवण पाहिजे. फोममध्ये गुंडाळून तर मुळीच ठेवू नका, आवाज जातो आणि पाठोपाठ डिस्कही जाते.

ऑर्डर द्यायच्या आधी ते चार तुकडे मात्र कराच. दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात १२० ला रेघ आहे का आणि अडखळताना डिस्कचा काटा कुठे होता, एवढं सांगितलंत आणि मदरबोर्डचा मॉडेल लिहिलात तर एनव्हीएमई बसेल की साटा घ्यावी लागेल ते बघून सांगतो.